व्यसन आणि तुटलेलं घर: असा चित्रपट गोव्यात दाखवायचा असेल तर

दारू, ड्रग्ज किंवा जुगारापायी घर फुटल्याची गोष्ट सांगणारा चित्रपट दाखवणं हे एरवीच्या चित्रपट मंडळाच्या कामापेक्षा वेगळं काम आहे. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात तीच गोष्ट चालू असते. आणि गोवा इतका लहान, की शेजारच्या खुर्चीवरच्याला ती ठाऊकही असते. म्हणून आखणी शेवटाकडून सुरू करावी. दिवे लागल्यावर पहिल्या वीस मिनिटांत काय होणार हे आधी ठरवा, मग चित्रपट, मग जागा, मग तारीख. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं: आधी हॉल मिळतो, मग पाहुणे ठरतात, आणि चर्चा 'बघू वेळ उरला तर' या खात्यात जाते.

दुसरी गोष्ट, प्रेक्षक कोण हे नक्की करा. पिणारा माणूस या कार्यक्रमाला सहसा येत नाही, आणि ओढून आणला तर मागे बसून चिडतो. येतात ते त्याचे घरचे: बायको, आई, धाकटा भाऊ, बोलणं बंद केलेली मुलगी. कार्यक्रम त्यांच्यासाठी करायचा. एवढं मान्य केलं की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

चित्रपट कसा निवडावा

पावणेदोन तासांपेक्षा लांब नको. त्यानंतर चर्चेला लोक उरत नाहीत. वीस-चाळीस मिनिटांचा लघुपट किंवा माहितीपट मिळाला तर आणखी बरं.

शेवटच्या दृश्यात बाप-लेक गळ्यात पडतात आणि सगळं मिटतं, असा चित्रपट टाळा. तो बघून ज्यांच्या घरात मिटलेलं नाही त्यांना आपणच कमी पडलो असं वाटतं. माणूस सुटतो, पुन्हा पितो, पुन्हा प्रयत्न करतो, हे दाखवणारा चित्रपट शोधा. व्यसनाच्या आजारात पुन्हा घसरणं नेहमीचं असतं. मद्यधुंद माणसाचं विनोदी पात्र असलेला चित्रपटही नको. आपल्याकडे बेबद्याला बघून हसायची सवय नाटकांनी आणि तियात्रांनी (गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकांनी) इतकी लावून ठेवली आहे की गंभीर प्रसंगातही कुणीतरी खिदळतं आणि मागच्या रांगेतली बाई उठून जाते.

निवडलेला चित्रपट आयोजकांपैकी किमान दोघांनी हातात वही घेऊन पूर्ण बघावा. मारझोड कितव्या मिनिटाला, आत्महत्येचा उल्लेख कुठे, सुई टोचण्याचं दृश्य आहे का, लहान मूल कुठे घाबरतं, हे वेळेसकट लिहून ठेवा. ही यादी प्रास्ताविकाच्या वेळी लागणार आहे.

परवानग्या

घरच्या ओटीटी वर्गणीवर सभागृहात चित्रपट लावता येत नाही. ती वर्गणी घरगुती पाहण्यापुरती असते. 'आम्ही तिकीट लावत नाही, मग परवानगी कशाला' हा समजही चुकीचा आहे. प्रवेश मोफत असला तरी सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कधारकाकडेच असतो. शाळा-कॉलेजांना त्यांच्या कामकाजाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरतं दाखवायला सवलत आहे. गावच्या मंडळाला नाही. निर्मात्याला किंवा वितरकाला ईमेल करा. तारीख, जागा, खुर्च्या किती, प्रवेश मोफत की कसा, चर्चा होणार आहे का, सगळं पहिल्याच पत्रात लिहा. लघुपटांचे दिग्दर्शक अशा कामासाठी बरेचदा कमी मानधनात, कधी फुकटही देतात. होकार लेखी घ्या आणि त्याची प्रत हॉलवर सोबत ठेवा.

चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र आहे का तेही बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत. 'ए' असेल तर अठराखालच्या कुणालाही आत घेता येत नाही. देवळाच्या पटांगणात किंवा मैदानात दाखवणार असाल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी काढावी लागते, आणि रात्री दहानंतर उघड्यावर तो वाजवता येत नाही. माझं मत विचाराल तर या विषयाला उघडं पटांगण नकोच. तिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण कोण बसलंय ते बघतो.

जागा

पणजीत मॅकिनेझ पॅलेस किंवा आल्तिनोवरचं सुनापरांत हे कलाकेंद्र अशा जागा आहेत. मडगाव, साखळी, कुडचडे आणि वास्कोला रवींद्र भवनं, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर. मोठी नाट्यगृहं मात्र या कार्यक्रमाला अंगाबाहेर होतात. शंभर माणसं सातशे खुर्च्यांत विखुरली की कुणी तोंड उघडत नाही. कला अकादमीत किंवा मडगावच्या रवींद्र भवनात आहे तशी ब्लॅक बॉक्स (छोट्या प्रयोगांची) खोली किंवा वाचनालयाचं सभागृह, साठ-सत्तर खुर्च्यांचं, सगळ्यात चांगलं.

हॉल ठरवताना पाच मिनिटं मागच्या दाराशी उभे राहा. माणसाला कुणाच्या नजरेत न येता बाहेर जाता येईल का? बाहेर पडल्यावर टेकायला एखादी खोली किंवा व्हरांड्याचा कोपरा आहे का? ही सोय नसेल तर बाकी सगळं उत्तम असूनही ती जागा सोडा.

कलादालनांच्या बाबतीत आणखी एक. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला वाईनचे ग्लास फिरवण्याची रीत गोव्यात जुनी आहे, आणि बऱ्याच ठिकाणी आवारातच बार असतो. त्या संध्याकाळपुरता तो बंद ठेवण्याचं व्यवस्थापनाकडून लेखी कबूल करून घ्या. मद्य कंपनी किंवा कॅसिनोचं प्रायोजकत्वही घेऊ नये, मग ते पैसे कितीही 'समाजकार्याच्या' नावाखाली येवोत.

तारीख आणि वेळ

वेळेवर कार्यक्रम तरतो किंवा बुडतो. संध्याकाळी साडेसहाचा खेळ ठेवला तर ज्यांनी यायला हवं त्या बायका येऊ शकत नाहीत. नवरा तावेर्नवरून (दारूच्या गुत्त्यावरून) परतायची ती वेळ असते आणि घरात कुणीतरी असावं लागतं. शिवाय आठनंतर पेडणे, सत्तरी किंवा सांग्याकडे जायला बस मिळायची मारामार. रविवारी दुपारी साडेतीनला सुरुवात आणि सहाला सगळं संपलेलं, ही वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते. दुपारी जेवण उरकून बाई 'वाचनालयात कार्यक्रम आहे' सांगून निघू शकते आणि उजेडी घरी पोचते.

वर्षातला काळही बघा. जुलैत पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असताना संवाद ऐकू येत नाहीत. २० नोव्हेंबरच्या आसपास इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो, तेव्हा चांगला प्रोजेक्टर आणि तो चालवणारा माणूस दोन्ही पणजीत अडकलेले. जत्रांचे दिवस वगळा. गणेश चवथीनंतरचे दोन-तीन आठवडे मात्र हेरून ठेवण्यासारखे आहेत. चवथीला सगळे भाऊ मूळ घरी जमतात, आणि कोण आला नाही, कोण पिऊन आला, कुणाचं नाव टाकलंय, हे त्या दिवसांत लख्ख दिसतं. ती जखम ताजी असते. पितृपक्षात लग्न-मुंजीही नसतात, त्यामुळे सभागृह मिळणं सोपं.

जाहिरात

'व्यसनमुक्ती मेळावा' असं फलकावर लिहिलंत की गावात ज्याच्या घरात दारू आहे तो येणार नाही. तिथे दिसणं म्हणजे कबुली. साधी चित्रपटाची जाहिरात करा. उदाहरणार्थ:

"रविवारी दुपारी साडेतीनला. बारा वर्षांनी थोरला मुलगा दारात उभा राहतो, आणि घरातलं कुणीच उठत नाही. एका कुटुंबाची गोष्ट, दीड तास, मराठी उपशीर्षकांसह. नंतर चहा, ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी गप्पा. प्रवेश मोफत, सोळा वर्षांवरील सर्वांना."

यात विषय लपवलेला नाही, पण येणाऱ्याच्या कपाळावर शिक्काही मारलेला नाही. नावनोंदणी ठेवू नका. दारात सह्यांचं रजिस्टर तर अजिबात नको. हॉलवाल्यांना आकडा हवा असेल तर डोकी मोजा.

पडदा, आवाज, फाइल

साठ-सत्तर माणसांच्या खोलीला ४००० ल्युमेनच्या आसपासचा प्रोजेक्टर घ्या, कारण दुपारची वेळ आहे आणि खिडक्यांना कितीही काळं कापड लावलं तरी फटीतून ऊन येतं. भाड्याने घेताना थ्रो रेशो विचारा: तो १.५ असेल तर तीन मीटर रुंद चित्रासाठी साडेचार मीटर अंतर लागतं. अशा चित्रपटात अर्धे संवाद पुटपुटलेले असतात, म्हणून आवाजाला चित्राइतकंच महत्त्व द्या. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर. चाचणी घेताना पंखे पूर्ण वेगात चालू ठेवा, नाहीतर प्रत्यक्ष वेळी पंखा संवाद गिळतो.

मराठी उपशीर्षकं वेगळ्या फाइलमध्ये असतील तर ती यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली आहेत का ते पाहा. नाहीतर पडद्यावर मात्रा-वेलांट्या विस्कटलेल्या दिसतात. शक्यतो उपशीर्षकं चित्रातच पक्की केलेली प्रत मागा. आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच केबलने, शेवटच्या रांगेत बसून पहिली, मधली आणि शेवटची दहा मिनिटं बघा. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो पण प्रोजेक्टर बंद पडतो. इन्व्हर्टर आहे का, त्यावर प्रोजेक्टर चालतो का, हे हॉलच्या माणसाला विचारून थांबू नका, लावून बघा.

सोबत कोण हवं

तीन माणसं. एक चर्चा चालवणारा, ज्याला गप्प बसता येतं. एक प्रशिक्षित समुपदेशक. आणि एक घरचं माणूस: नवरा, मुलगा किंवा भाऊ व्यसनात असताना जिने दिवस काढले अशी बाई, किंवा तसा बाप. माझ्या मते या तिसऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या स्लाइडांपेक्षा जास्त पोचतं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून घरच्यांना उपचारात ओढून घेतलं, त्यांच्या बायकांचे गट चालवले, त्यामागे हाच अनुभव आहे. अल-अनॉन ही तर पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठीच उभी राहिलेली चळवळ. तिच्या किंवा पिणं सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सदस्याला बोलावलंत तर नाव आणि फोटो छापू नका. निनावीपण हा त्यांचा नियम आहे.

समुपदेशक शोधायला बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तणूक संस्थेपासून सुरुवात करा. संगात या गोव्यातल्या संस्थेने आरोग्य केंद्रांवर डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून दारूच्या समस्येवर उपचार करून पाहिले आणि ते उपयोगी पडले. तो अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. तेव्हा मोठा मानसोपचारतज्ज्ञ मिळाला नाही म्हणून कार्यक्रम अडवून ठेवू नका.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आमदारांचं मनोगत, आभारप्रदर्शन: सगळं वगळा. पाहुणा रुसला तर रुसू द्या.

सुरुवातीची दोन मिनिटं

एवढंच बोला:

"नमस्कार. चित्रपट दीड तासाचा आहे. साधारण चाळिसाव्या मिनिटाला मारहाणीचं दृश्य आहे, आणि शेवटाकडे आत्महत्येचा विषय निघतो. बघवलं नाही तर खुशाल उठा. मागचं दार उघडं आहे, बाहेर पाणी आहे आणि आमची एक ताई बसली आहे. कोण का गेलं हे कुणी विचारणार नाही. फोटो कुणी काढू नका. नंतर चहा आहे. बोलायलाच हवं असं काही नाही."

बाहेर बसणारी ताई समजूतदार हवी, चौकशीखोर नको. तिने विचारायचं ते फक्त 'पाणी हवंय का?' एवढंच.

दिवे लागल्यावर

नामावली संपेपर्यंत दिवे लावू नका. लोकांना डोळे पुसायला तो वेळ हवा असतो. मग एकदम झगझगाट न करता बाजूचे दिवे लावा आणि दहा मिनिटं चहा द्या. ज्यांना जायचंय ते या वेळात निघून जातात. दारात उभं राहून 'थांबा की' म्हणू नका.

परत बसल्यावर हात वर करून प्रश्न विचारायला लावलेत तर गावातले तीन नेहमीचे वक्ते बोलतील आणि बाकीचे ऐकतील. त्यापेक्षा चिठ्ठ्या. सगळ्यांना एकसारखा कागद, एकसारखी पेन्सिल. ज्याला काही लिहायचं नाही त्यानेही कोरी चिठ्ठी घडी करून टोपलीत टाकायची. म्हणजे कुणी लिहिलं हे कळत नाही. चर्चा चालवणाऱ्याने चिठ्ठ्या स्वतः आधी वाचाव्यात आणि ज्यात ओळख पटेल असा तपशील असेल तो गाळून वाचाव्यात. 'बाजारातल्या दुकानवाल्याचा मुलगा' एवढ्यावरूनही गाव ओळखतो.

पहिला प्रश्न पात्रांबद्दल ठेवा. 'थोरला दारात आला तेव्हा आई का उठली नसेल?' लोक आईबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलतात, आणि तरी कुणी उघडं पडत नाही. 'तुमच्या घरी असं आहे का?' हा प्रश्न कधीही विचारू नका. बोलणं मराठीतून कोकणीत घसरलं तर घसरू द्या. रडू आलेलं माणूस घरच्याच भाषेत बोलतं.

काही गोष्टी जवळजवळ हमखास होतात, त्यांची तयारी हवी.

कुणीतरी म्हणेल, 'बाईने आणखी सहन करायला हवं होतं, प्रेमाने माणूस सुधारतो.' 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं तेव्हापासून सोसणारी सिंधू आपल्या डोक्यात बसली आहे, आणि गोव्यातल्या उत्सवी रंगमंचांनी तिला जिवंतही ठेवलं आहे. शांतपणे आठवण करून द्या की त्या नाटकात सिंधूच्या सोसण्याने सुधाकर वाचत नाही. कुणी घर सोडलं, बोलणं तोडलं, तर ते कधी कधी जीव वाचवण्यासाठी असतं. समेट हे या कार्यक्रमाचं उद्दिष्ट ठरवू नका.

कुणी भारावून उभा राहील: 'आजपासून बंद!' टाळ्या वाजवू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि पुढच्या दिवसांत भ्रम, थरथर, ताप. यात जीवही जातो. 'फार चांगलं, पण उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे,' असं सगळ्यांदेखत सांगा. हे एक वाक्य त्या सभागृहातल्या दहा घरांच्या उपयोगी पडेल.

ड्रग्जचा विषय निघाला की आई-बापांचा पहिला धाक पोलिसांचा असतो. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याच्या प्रकरणात जो व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतो त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं, हेही सांगा.

आणि घर-जमीन निघणारच. 'त्याला हिस्सा देऊ नका' असं कुणीतरी चढ्या आवाजात बोलतं. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलांचा ठरावीक हिस्सा राखीव असतो, ठरावीक कारणांशिवाय बापाला तो काढून घेता येत नाही. पती-पत्नींची मालमत्ताही वेगळा करार नसेल तर सामाईक धरली जाते. म्हणूनच आपल्याकडे नाव टाकलेल्या भावाची सही वीस वर्षांनी पुन्हा लागते आणि तुटलेलं नातं वकिलाच्या टेबलावर भेटतं. हा विषय खराच आहे, पण सभागृहात सुटणारा नाही. वकिलाकडे जायला सांगून पुढे सरका.

बायको नवऱ्याची उणीदुणी सगळ्यांसमोर काढू लागली आणि तो तिथेच असेल, तर लगेच थांबवा. घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागेल. 'हे आपण नंतर निवांत बोलू' म्हणून समुपदेशकाने तिच्या शेजारी जाऊन बसावं. कुणी पिऊन आला तर त्याला शेवटच्या रांगेत बसवा, भांडू नका, आणि तो गाडी चालवत परत जाणार नाही एवढं बघा. कुणाच्या चिठ्ठीत मरणाची भाषा दिसली तर ती चर्चेत वाचू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं, हे सगळ्यांना मोठ्याने सांगा, लिहिणारा ऐकतोच. मग समुपदेशकाने शेवटपर्यंत दाराजवळ, सहज दिसेल असं थांबावं.

चर्चा चाळीस मिनिटांत बंद करा, रंगलेली असली तरी.

हातात देण्याचं कार्ड

पर्समध्ये किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये मावेल एवढं. पुढच्या बाजूला चित्रपटाचं नाव आणि पुढच्या खेळाची तारीख, मागे बारीक अक्षरात क्रमांक: मानसिक आरोग्य १४४१६, व्यसनमुक्ती १४४४६, महिला १८१, मुलं १०९८, आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८. कार्डावर 'दारू' किंवा 'व्यसन' हा शब्द मोठा छापू नका. नवऱ्याच्या हाती लागलं तर ते चित्रपटाचं कार्ड वाटलं पाहिजे. छापण्याआधी प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन लावून बघा. कार्ड हातात वाटू नका, चहाच्या टेबलावर ठेवा, आणि स्वच्छतागृहात आरशाजवळ एक गठ्ठा. तिथलाच गठ्ठा आधी संपतो.

नंतरची कामं

हॉल रिकामा झाल्यावर कार्यकर्त्यांनी अर्धा तास एकत्र बसावं. त्यांच्यातही कुणाच्या घरी हेच असतं. चिठ्ठ्या त्याच दिवशी फाडून टाका, फोटो काढून ठेवू नका. चित्रपटाची फाइल पुसून हक्कधारकाला तसं कळवा, किती लोक आले तेही लिहा. पुढच्या वेळी परवानगी लवकर मिळते.

आलेल्यांना घरी फोन करू नका. त्याऐवजी पुढचे चार आठवडे समुपदेशक ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासाला वाचनालयात बसेल एवढी सोय करा आणि ती वेळ कार्डावर छापा. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही तरी ती वेळ बदलू नका. दुसऱ्या खेळाचं बुकिंगही कार्ड छापण्याआधीच करून ठेवलेलं असावं, तोच वार, तीच वेळ. पहिल्या वेळी न आलेले काहीजण तेव्हा येतील, कारण तोवर त्यांनी कानोसा घेतलेला असेल की कुणाची नावं बाहेर पडली का.